सांगलीपेक्षा की सांगलीच्यापेक्षा: इंग्रजीच्या पेपरातली तुलना आणि स्वल्पविराम

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. इंग्रजी वाक्यं माइकवर म्हटली तशी देवनागरीतच लिहिली आहेत. ती नुसत्या डोळ्यांनी वाचू नका, ओठ हलवून वाचा, लगेच लागतील.)

आजचा विषय एका स्क्रीनशॉटवरून सुचला.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून माझ्या मामेबहिणीचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला आणि मागोमाग एक व्हॉइस नोट. ती सध्या एसएससीचा अभ्यास करतेय. ही एसएससी म्हणजे आपली दहावी नव्हे, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीची स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल. सराव परीक्षेत तिला हे वाक्य आलं होतं:

'द पॉप्युलेशन ऑफ सातारा डिस्ट्रिक्ट इज लार्जर दॅन सांगली डिस्ट्रिक्ट.'

चूक शोधा, नसेल तर 'नो एरर'. तिनं 'नो एरर' निवडलं आणि ते चुकलं. व्हॉइस नोट अशी होती: "दादा, यात चूक काय आहे? खरंच तर आहे ना हे?"

मी आधी ते खरं आहे का तेच बघितलं. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्हा ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्हा २८,२२,१४३. म्हणजे माहिती शंभर टक्के बरोबर आणि वाक्य चूक. तिची चिडचिड मला समजली, कारण हीच चिडचिड मी स्वतः केलेली आहे.

सांगलीत बीटेक करताना शेवटच्या वर्षी कॅम्पसला ज्या कंपन्या यायच्या, त्यांच्या ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये इंग्रजीचा भाग असायचा. गणित आणि लॉजिक निघायचं. इंग्रजीत मी दोनदा अडकलो आणि दोन्ही वेळा कोडिंगच्या फेरीपर्यंत पोचलोच नाही. तेव्हा एका क्लासमध्ये आम्हाला सांगितलेलं, "वाक्य मनात वाचा, कानाला खटकलं तर चूक, नाही खटकलं तर बरोबर." ज्याच्या घरात लहानपणापासून इंग्रजी बोललं गेलंय त्याला हे चालेल. माझा कान मराठीवर तयार झालेला. त्याला इंग्रजी वाक्यातल्या बऱ्याच चुका खटकतच नाहीत, कारण मराठीत ते वाक्य बरोबरच असतं. मी मात्र 'आपलं इंग्लिश वीक आहे' एवढंच समजून गप्प बसलो.

बहिणीचे मी सगळे पेपर मागवून घेतले आणि चुकलेले प्रश्न बाजूला काढले. व्होकॅब्युलरी वगैरे सोडून द्या. व्याकरणातल्या तिच्या चुका दोनच ठिकाणी गोळा झाल्या होत्या, एक 'दॅन'च्या आसपास आणि दुसरं स्वल्पविरामाच्या आसपास. आणि जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मागं एक बरोबर मराठी वाक्य उभं होतं. आज तेच उलगडून बघू.

त्याआधी यात किती गुण जातात ते सांगतो. सीजीएलच्या टियर २ मध्ये इंग्रजीचे ४५ प्रश्न असतात, प्रत्येकी ३ गुण, आणि चुकलं की १ वजा. म्हणजे बरोबर आणि चूक यांच्यात ४ गुणांचं अंतर. सीडीएसला चुकीमागं एक तृतीयांश जातो. साताऱ्यात १९६१ पासून सैनिक स्कूल आहे, त्यामुळं एनडीए-सीडीएसची पोरं तिथं गल्लोगल्ली भेटतात, त्यांना हे सांगायला नको. असे चार प्रश्न कानाच्या भरवशावर सोडवले, की सोळा गुणांचा फरक पडतो.

आता 'पेक्षा'कडं येऊ.

मराठीत आपण सर्रास म्हणतो, 'साताऱ्याची लोकसंख्या सांगलीपेक्षा जास्त आहे.' कुणाला काही खटकत नाही. पण नीट बघा. जास्त आहे ती लोकसंख्या, आणि 'पेक्षा' लागलंय ते सांगलीला, म्हणजे गावाला. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला आख्खा जिल्हा. ऐकणारा मनातल्या मनात 'सांगलीच्या लोकसंख्येपेक्षा' असं दुरुस्त करून घेतो. इंग्रजीचा पेपर तशी दुरुस्ती करून घेत नाही. त्याला हवं असतं:

'द पॉप्युलेशन ऑफ सातारा डिस्ट्रिक्ट इज लार्जर दॅन दॅट ऑफ सांगली डिस्ट्रिक्ट.'

हे 'दॅट ऑफ' पाठ करायला पोरांना फार जड जातं. खरं तर ते आपल्याकडं आहेच. आपल्या गावाकडची म्हातारी माणसं काय म्हणतात? 'आमच्या म्हशीचं दूध तुमच्याच्यापेक्षा घट्ट.' 'साताऱ्याची लोकसंख्या सांगलीच्यापेक्षा जास्त.' त्या 'च्या'नं सगळं काम केलं. 'सांगलीच्या' म्हटलं की सांगलीची ती गोष्ट, जिच्याबद्दल आपण बोलतोय. हाच तुमचा 'दॅट ऑफ'. वस्तू अनेक असतील तर 'दोज ऑफ': 'द रोड्स ऑफ सातारा आर स्टीपर दॅन दोज ऑफ सांगली.' किंवा सरळ 'दॅन सांगलीज'. मात्र 'दॅन दॅट ऑफ सांगलीज' नको, ते दोनदा 'च्या' लावल्यासारखं होतं.

तर पेपरात 'दॅन' दिसला की एकच करायचं. त्याच्यामागचं वाक्य मराठीत आणायचं आणि विचारायचं, इथं नुसतं 'पेक्षा' की 'च्यापेक्षा'? 'च्या' लागत असेल आणि इंग्रजीत 'दॅट ऑफ', 'दोज ऑफ' किंवा ॲपॉस्ट्रॉफी एस यातलं काहीच नसेल, तर चूक तिथंच.

आणि उलटंही लक्षात ठेवा. 'सातारा इज कूलर दॅन सांगली' हे वाक्य बरोबर आहे. गाव विरुद्ध गाव. नियम नवा शिकलेली पोरं इथंही 'दॅट ऑफ' घुसवतात. बहिणीनं पुढच्याच पेपरात तेच केलं!

कोडिंग करणाऱ्यांना हे पटकन कळेल. पायथॉनमध्ये एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवून 'लहान की मोठा' विचारलं, तर तो सरळ टाइप एरर देतो. जावास्क्रिप्टमध्ये तेच विचारा, ती गुपचूप मजकुराचा आकडा करते आणि काहीतरी उत्तर देऊन मोकळी होते. आपला कान जावास्क्रिप्टसारखा चालतो आणि पेपर काढणारा पायथॉनसारखा.

याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे अर्धवट तुलना. एक वाक्य घ्या: 'द वॉटर लेव्हल ॲट आयर्विन ब्रिज वॉज हायर इन २०१९ दॅन २००५.' सांगलीतल्या माणसाला हे वाक्य नुसतं व्याकरण म्हणून वाचता येत नाही. २००५ चा पूर पाहिलेले लोक २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'तेवढं पाणी येत नाही' म्हणून घरात थांबले होते, आणि पाणी त्याच्याही वर गेलं. तर अर्थ आपल्याला तोंडपाठ आहे. पण वाक्याची रचना बघा: पहिल्या बाजूला 'इन २०१९' आहे, दुसऱ्या बाजूला नुसतं '२००५'. परीक्षेत हवं 'दॅन इन २००५'. जे शब्दयोगी अव्यय एका पारड्यात, तेच दुसऱ्या पारड्यात. बोलताना इंग्रज माणूसही तो 'इन' गाळतो, ते सोडून द्या. आपल्याला त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, पेपर सोडवायचाय.

आता मला सगळ्यांत आवडणारा प्रकार. 'महाबळेश्वर इज कूलर दॅन एनी टाउन इन सातारा डिस्ट्रिक्ट.' बरोबर की चूक?

पॉज करा, विचार करा.

चूक. महाबळेश्वर स्वतः सातारा जिल्ह्यातच आहे. म्हणजे या वाक्याप्रमाणं महाबळेश्वर महाबळेश्वरपेक्षाही थंड झालं. इथं 'एनी अदर टाउन' पाहिजे. पण 'महाबळेश्वर इज कूलर दॅन एनी टाउन इन सांगली डिस्ट्रिक्ट' म्हटलं तर 'अदर' नको, कारण ते त्या यादीतच नाही. मराठीत आपण 'जिल्ह्यातल्या कुठल्याही गावापेक्षा थंड' म्हणतो आणि 'दुसऱ्या' हा शब्द गाळतो, कुणाला चुकीचं वाटत नाही. पेपरात मात्र तुलना होणारी वस्तू त्या गटातली आहे की बाहेरची हे बघावंच लागतं. म्हणजे थोडं व्याकरण, थोडा भूगोल.

'सीनियर दॅन' ही चूक का होते तेही आता कळेल. आपल्याकडं सगळ्याला एकच 'पेक्षा'. 'तो माझ्यापेक्षा सीनियर आहे.' पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधूनच तुलना घेऊन आलेत. त्यांना 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतं. 'प्रिफर'लाही 'टू': 'आय प्रिफर टी टू कॉफी.' 'मोअर बेटर' होतं ते 'जास्त चांगलं'मुळं. मराठीत 'चांगलं' हा शब्द तुलनेत बदलत नाही, म्हणून त्याला 'जास्त' जोडावं लागतं. इंग्रजीत 'बेटर'मध्ये ते 'जास्त' आधीच भरलेलं आहे.

'दॅन आय' की 'दॅन मी' हा वादही थोडक्यात मिटवतो. 'भाऊ आईला माझ्यापेक्षा जास्त फोन करतो.' याचे दोन अर्थ होतात. एक, मी आईला कमी फोन करते. दोन, तो मला कमी फोन करतो. घरात भांडण लागायला एवढं पुरे. इंग्रजीत वाक्य पूर्ण करून बघायचं: 'मोअर दॅन आय डू' की 'मोअर दॅन ही कॉल्स मी'. शेवटी 'डू' लावता येत असेल तर 'आय'. 'ही इज टॉलर दॅन मी' लोक सर्रास बोलतात, पण आपल्याकडच्या या परीक्षांत 'दॅन आय'च बरोबर धरतात, तेच निवडा.

आता एक वाक्य देतो, त्यात तुलना आणि स्वल्पविराम दोन्ही आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा थोडी बढाई मारायला हरकत नाही:

'सांगली टर्मरिक इज ॲज गुड, इफ नॉट बेटर दॅन, एनी अदर टर्मरिक.'

यातल्या दोन स्वल्पविरामांना कंस समजा आणि मधला मजकूर झाकून वाचा. 'सांगली टर्मरिक इज ॲज गुड एनी अदर टर्मरिक.' लंगडलं की नाही? 'ॲज गुड'नंतरचा दुसरा 'ॲज' गायब आहे. हवं ते असं: 'ॲज गुड ॲज, इफ नॉट बेटर दॅन, एनी अदर टर्मरिक.' आता झाका, वाक्य उभं राहतं.

ही झाकून बघायची युक्ती मला व्याकरणाच्या पुस्तकात नाही, ऑफिसात सापडली. मी कामाला लागलो त्या वर्षी ग्राहकांच्या पत्त्यांची एक सीएसव्ही फाइल लोड करत होतो. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल. एका पत्त्यात 'विश्रामबाग, सांगली' असं होतं आणि भोवती अवतरणचिन्हं नव्हती. मशीननं त्या स्वल्पविरामाला रकान्याची भिंत समजलं, पुढची सगळी माहिती एक घर सरकली, आणि पिनकोडच्या जागी 'सांगली' येऊन बसलं. आख्खा दिवस गेला. तेव्हापासून स्वल्पविराम दिसला की मी आधी विचारतो, हा भिंत आहे की कंसाचा अर्धा भाग? अर्धा भाग असेल तर उरलेला अर्धा कुठाय?

स्वल्पविराम आपल्याकडं आला कुठून हे इथंच सांगतो, कारण त्याचा या चुकांशी संबंध आहे. मोडीतली जुनी कागदपत्रं बघितलीत का कधी? आधी लांब रेघ ओढायची आणि खाली अक्षरं सलग लिहीत जायची. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. विरामचिन्हं मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्याचं पुस्तक १८५० चं. म्हणजे खूण इंग्रजीची. पण आपण ती आपल्या वाक्याच्या गरजेप्रमाणं वापरायला लागलो, आणि आपलं वाक्य इंग्रजीसारखं बांधलेलं नाही.

बघा. 'जे उमेदवार उशिरा आले, त्यांना आत घेतलं नाही.' हे अस्सल मराठी वाक्य आहे. 'जे' आणि 'त्यांना' या दोन भागांच्या मध्ये आपण स्वल्पविराम देतो आणि तो बरोबरच आहे. आता बहिणीनं बरोबर म्हणून सोडलेलं वाक्य ऐका:

'द कँडिडेट्स हू केम लेट, वेअर नॉट अलाउड इनसाइड.'

स्वल्पविराम अगदी त्याच जागी आहे. म्हणूनच तिला तो खटकला नाही. इंग्रजीत मात्र 'द कँडिडेट्स हू केम लेट' हा सगळा कर्ता आहे आणि कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम चालत नाही. इथं शून्य हवेत किंवा दोन. आणि शून्य की दोन यावर अर्थच बदलतो. शून्य ठेवले तर जे उशिरा आले तेवढ्यांनाच आत घेतलं नाही. दोन दिले, 'द कँडिडेट्स, हू केम लेट, वेअर नॉट अलाउड इनसाइड', तर सगळेच उमेदवार उशिरा आले आणि सगळेच बाहेर राहिले. परीक्षा केंद्राचं गेट बंद होताना ज्यानं पाहिलंय, त्याला या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन कराड' आणि 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन कराड,' यांत तोच फरक. पहिल्यात भाऊ अनेक, त्यातला कराडचा. दुसऱ्यात भाऊ एकच आणि तो कराडला राहतो ही जादा माहिती. मराठीतलं 'माझा कराडला राहणारा भाऊ' भावांची संख्या सांगतच नाही, म्हणून ही मोजणी आपल्याला सवयीनं सुचत नाही. ती मुद्दाम करायला लागते.

याच जातीची दुसरी चूक 'की'ची. 'तो म्हणाला, की उद्या पेपर आहे.' आपण छापतानाही तिथं बऱ्याचदा स्वल्पविराम देतो. 'ही सेड, दॅट द पेपर वॉज टुमॉरो' मात्र चूक. या 'दॅट'च्या आधी स्वल्पविराम येत नाही. (आणि हो, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करायचं राहिलंय, तो रिपोर्टेड स्पीचचा भाग नंतर कधीतरी.)

तिसरी चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत कमी दिसते. 'पाऊस आला, लाइट गेली.' काय सुंदर मराठी वाक्य आहे! दोन पूर्ण वाक्यं, मध्ये एक स्वल्पविराम, बास. 'इट रेन्ड, द लाइट्स वेंट आउट' इंग्रजीत चुकीचं धरतात. दोन पूर्ण वाक्यं जोडायला नुसता स्वल्पविराम पुरत नाही. त्याच्याबरोबर एक छोटं उभयान्वयी हवं: अँड, बट, ऑर, सो, यट, नॉर, फॉर. हे सातच. नाहीतर अर्धविराम, नाहीतर पूर्णविराम. फसवणारा शब्द 'हाउएव्हर'. आपण त्याचं मराठी 'पण' करतो आणि 'बट'सारखा वापरतो: 'इट रेन्ड, हाउएव्हर द मॅच कंटिन्यूड.' 'हाउएव्हर' त्या सातांत नाही. 'देअरफोर'ही नाही. त्यांच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम, नंतर स्वल्पविराम.

आणखी एक आहे, घाईत सांगतो. 'कराडला पोचल्यावर पाऊस सुरू झाला.' मराठीत पोचलो आपण, सुरू झाला पाऊस, काही अडचण नाही. 'रीचिंग कराड, द रेन स्टार्टेड' म्हटलं की इंग्रजीत पाऊसच गाडीत बसून कराडला पोचतो. अशा सुरुवातीनंतर स्वल्पविराम आला, की लगेच पुढचा शब्द बघायचा. ती क्रिया त्यानंच केलीय का?

स्वल्पविरामानं एवढं काय होतंय असं कुणाला वाटत असेल, तर अमेरिकेतल्या एका डेअरीचं ऐका. मेन राज्यातली ओकहर्स्ट डेअरी. भिलवडीच्या चितळ्यांची दुधाची गाडी आपल्या डोळ्यांसमोर असते, तशाच गाड्या चालवणारे तिथले ड्रायव्हर. त्यांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. तिथल्या कायद्यात काही कामांना ओव्हरटाइम नाही, आणि त्या कामांच्या यादीच्या शेवटी होतं 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. डेअरी म्हणाली, पॅकिंग आणि वितरण ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हींना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, इथं काम एकच आहे, पॅकिंग, मग ते पाठवण्यासाठी असो की वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, गाडी चालवतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं मजकूर संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. हा यादीतला शेवटचा स्वल्पविराम मात्र आपल्या परीक्षांत सहसा विचारत नाहीत, कारण दोन्ही पद्धती चालतात. त्यावर वेळ घालवू नका.

मग कुठल्या परीक्षेत काय येतं? एसएससी आणि बँकांच्या पेपरात 'स्वल्पविराम कुठं द्यायचा' असं सरळ सहसा विचारत नाहीत. तिथं तो तुम्हाला वाक्य तोडायला मदत करतो: कंस ओळखायचा, झाकायचा, उरलेल्यात कर्ता-क्रियापद आणि 'दॅन' तपासायचं. सॅटमध्ये विरामचिन्हं थेट विचारतात, तिथं शून्य की दोन हे पक्कं पाहिजे. जीमॅटमध्ये पूर्वी सेंटेन्स करेक्शन नावाचा आख्खा प्रकार होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं आणि तो प्रकार काढून टाकला. त्यामुळं सीनियरकडून आलेलं जुनं जीमॅटचं पुस्तक जीमॅट देणाऱ्याला या भागापुरतं निरुपयोगी झालं. पण ते रद्दीत घालू नका. तुलनेची इतकी कसून घासलेली वाक्यं मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळाली नाहीत. बहिणीला मी तेच पाठवलं, त्यातली दिवसाला पाच वाक्यं ती सोडवते.

सोडवायची पद्धतही आम्ही बदलली. उत्तर बरोबर आलं तरी ती मला मराठी वाक्य पाठवते, म्हणजे जिच्यामुळं फसायला झालं असतं ती मराठी रचना. सुरुवातीला तिला कंटाळा आला. "दादा, पेपर इंग्लिशचा आणि तू मराठी काय लिहायला लावतोयस?" दोन आठवड्यांत तिची वही भरली. एका बाजूला मराठी वाक्य, समोर इंग्रजी, आणि 'च्या', 'दुसऱ्या', 'जे-ते' असे शब्द लाल पेननं गोल केलेले.

परवा तिचा पुन्हा स्क्रीनशॉट आला. 'लाइक सांगली, द रिव्हर ऑफ सातारा डिस्ट्रिक्ट इज द कृष्णा.' खाली चार पर्याय. या वेळी प्रश्न विचारणारी व्हॉइस नोट नव्हती. तिनंच सांगितलेलं होतं: "दादा, स्वल्पविरामानंतर लगेच नदी आलीय, म्हणजे सांगलीला नदी करून टाकलंय यांनी. इथं 'लाइक दॅट ऑफ सांगली' पाहिजे. सांगलीच्यासारखी."

मी म्हटलं, बरोबर.

"पण पर्यायात 'लाइक सांगलीज'पण आहे आणि 'लाइक दॅट ऑफ सांगलीज'पण आहे," ती म्हणाली, "दुसऱ्यात दोनदा 'च्या' लागलंय, म्हणून पहिलं टिक केलंय."